एकोणीस एकांची गोष्ट

श्रोतेहो, चिखली, मेहकर, लोणारकडच्या गुरुजींनी आज फळ्यावर नुसते एक लिहायचे. एकाशेजारी एक, आणखी एक. एवढ्याने काय होणार, असे म्हणाल. ऐका तर खरे.

देवळालीला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक होते. जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी मास्तरकी केली आणि फावल्या वेळी आकड्यांशी मैत्री. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. नऊ एकांपर्यंत हा मनोरा असाच चढतो नि उतरतो. अशा संख्यांना त्यांनी एका रेल्वे स्टेशनावरून ‘डेम्लो’ हे नाव दिले. आपल्याकडच्या कित्येक पंडितांना हा पोरखेळ वाटला. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने लिहिले, तेव्हा कुठे मास्तरांचे नाव जगभर झाले. हसणाऱ्यांनी, मला वाटते, त्याच एकांना एक साधा प्रश्न विचारून पाहायचा होता: यांतली मूळसंख्या कोणती?

११ ही मूळसंख्या, हे पोरेही सांगतील. १११ म्हणजे ३ गुणिले ३७, गेली. सहा एक घ्या: तीन-तीनचे दोन गट पडतात, म्हणून १११ ने भाग जातो. तेव्हा एकांची मोजदादच मूळसंख्या हवी. पण तेवढ्याने भागत नाही बरं का! पाच एक म्हणजे ४१ गुणिले २७१, सात एक म्हणजे २३९ गुणिले ४६४९. अकरा, तेरा, सतरा, सगळ्यांचे अवयव पडतात.

मग येतात एकोणीस एक: ११,११,११,११,११,११,११,११,१११. याचे वर्गमूळ एकशेपाच कोटींच्या पुढे. सेकंदाला एक भागाकार केला, तर तेहतीस वर्षे लागतील. इथे फर्मा या फ्रेंच पंडिताचा सतराव्या शतकातला नियम मदतीला येतो. एकांची मोजदाद तीनहून मोठी मूळसंख्या असेल, तर तिच्या दुपटीने कोणत्याही अवयवाला भागल्यास बाकी १ च उरते. सात एकांवर पडताळा: २३९ ला १४ ने भागा, बाकी १. ४६४९ लाही तेच. म्हणजे एकोणीस एकांसाठी ३८ ने भागून १ उरणाऱ्या संख्याच तपासायच्या. तेहतीस वर्षांचे काम वर्षाच्या आत आले.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ऑस्कर होप यांनी ही मूळसंख्या असल्याचे सिद्ध केले, तेही गणकयंत्रावाचून. पुढे तेवीस एक ठरले. त्यानंतरची थेट तीनशे सतरा एकांची. तिचा निकाल लागायला १९७० चे दशक उजाडले. २०२२ साली ४९,०८१ एकांची संख्याही मूळ ठरली. अशा मूळसंख्या कधी संपतात की संपतच नाहीत, हे मात्र अजून कुणालाही सिद्ध करता आलेले नाही.