मळा राहतो, धनी बदलतात

२००८ सालच्या शरद ऋतूंत फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतांत एक करार झाला. त्यांत गुंतलेली जमीन अवघी साडेपांच एकरांच्या आसपास होती. परंतु उंची मद्याच्या व्यापाराशीं ज्यांचा म्हणून संबंध होता, त्या सर्वांच्या नजरा त्या कराराकडे वळल्या. कोर्तों नांवाच्या टेकडीवरील तांबड्या मद्याच्या द्राक्षांचे तीन मळे रोमाने-कोंती या इस्टेटीनें खंडानें घेतले. मळ्यांचा धनी प्रिन्स फ्लोराँ द मेरोद हा बेल्जियमच्या एका जुन्या सरदार घराण्यांतला. तो त्याच वर्षीं निवर्तला होता. जमीन घराण्याचीच राहिली, कसणारा हात मात्र बदलला.

मद्यपानाविषयीं कोणाचें मत कांहींही असो, या व्यवहारांत विचार करण्यासारखें पुष्कळ आहे. रोमाने-कोंती ही इस्टेट म्हणजे तांबड्या मद्याच्या जगांतील सर्वांत मानाचें नांव. अशी बलाढ्य इस्टेट दुसऱ्याचे मळे आपल्याकडे घेते, तेव्हां जुन्या धन्याचें नांव पुसलें जावें, हीच सामान्य रीत. येथें तसें झालें नाहीं. या मळ्यांचें मद्य बाजारांत आलें तें कोर्तों याच नांवानें, आणि त्याबरोबर प्रिन्स फ्लोराँ द मेरोद याचें नांवही बाटलीच्या चिठ्ठीवर राहिलें. असें कां व्हावें, हें समजण्यासाठीं त्या प्रांताच्या इतिहासांत थोडें मागें जावें लागतें.

दिजों शहरापासून दक्षिणेकडे, बोन शहराच्याही पलीकडे, टेकड्यांची एक लांबट रांग गेली आहे. तिच्या पूर्वेकडील उतारावर चुनखडीच्या जमिनींत पिनो न्वार जातीच्या काळ्या द्राक्षांची लागवड होते. बर्गंडीचा ड्यूक फिलिप यानें १३९५ सालीं हुकूम काढून भरघोस पिकणारी पण हलक्या प्रतीची गामे ही जात उपटून टाकण्यास फर्मावलें होतें. पिनोचें माहात्म्य तेव्हांपासूनचें. या उतारावरील प्रत्येक तुकड्याला स्वतःचें नांव, स्वतःची शीव आणि स्वतःची कीर्ति आहे. दोन तुकड्यांमध्यें पुष्कळदां एका पाऊलवाटेचेंच अंतर असतें, तरी एकाचें मद्य दुसऱ्याच्या कित्येक पटींनीं विकलें जातें. अशा तुकड्यांना तिकडे ‘क्लिमा’ म्हणतात. २०१५ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत त्यांचा समावेश केला, त्या वेळीं त्यांची संख्या १,२४७ भरली. माणसाला घराणें असतें तसें येथें मातीलाच घराणें आहे.

रोमाने-कोंती हाही मुळांत असाच एक तुकडा. व्होन गांवच्या वरच्या अंगाला असलेला हा मळा केवळ साडेचार एकरांचा आहे. बाराव्या शतकांत, ११३१ सालीं, ड्यूक ह्यूग यानें सां-व्हिव्हां येथील मठाला या परिसरांतील जमीन दान दिली. मठवासी साधूंनीं रान साफ केलें, वेली लावल्या, आणि पिढ्यान् पिढ्या निरीक्षण करून कोणत्या बांधाच्या आंत कोणता गुण आहे हें ठरविलें. १५८४ सालीं हा तुकडा मठाच्या हातून सुटून खासगी धन्याकडे गेला. पुढें तो क्रूननबूर घराण्याकडे आला, आणि त्यांच्या काळांत त्याला ‘रोमाने’ हें नांव पडलें.

१७६० सालीं प्रिन्स द कोंती यानें तो विकत घेतला. हा राजपुत्र पंधराव्या लुईचा नातलग. कांहीं काळ राजाच्या गुप्त परराष्ट्र-कारस्थानांचीं सूत्रें त्याच्याच हातीं होतीं. राजाची आवडती मादाम द पोंपादूर हिलाही हा मळा हवा होता आणि कोंतीनें तिच्यावर मात केली, अशी आख्यायिका आहे. ती आख्यायिकाच समजावी. खरी गोष्ट एवढी कीं, कोंतीनें या मळ्याचें मद्य बाजारांत विकणें बंद केलें आणि तें स्वतःच्या पंक्तीसाठीं राखून ठेवलें.

पुढें राज्यक्रांति झाली. मठांच्या व सरदारांच्या जमिनी सरकारजमा होऊन लिलावांत निघाल्या, त्यांत १७९४ सालीं या मळ्याचीही पाळी आली. येथें इतिहासानें एक मौज केली आहे. ज्या राजकुलाचा उच्छेद क्रांतीनें मांडला होता, त्याच राजकुलाचें ‘कोंती’ हें नांव या विक्रीच्या वेळीं मळ्याला जोडलें गेलें, आणि तें आजतागायत टिकलें. राजपुत्र गेला, त्याचें नांव मळ्यानें संभाळलें. १८१९ सालीं ऊव्रार आणि १८६९ सालीं द्यूव्हो-ब्लोशे असे धनी होत होत मळा शेवटीं द्यूव्हो-ब्लोशेच्या वंशजांकडे, म्हणजे द व्हिलेन घराण्याकडे आला.

या सर्व उलाढालींमागें युद्ध आणि क्रांति यांच्याइतकाच वारसाचा कायदा आहे. नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेनें सर्व मुलांना वडिलार्जित संपत्तींत हक्क दिला. न्यायाच्या दृष्टीनें ही गोष्ट उत्तम. परंतु मुळांतच लहान असलेल्या मळ्यांचे तिनें आणखी तुकडे पाडले. लिजे-बेलेर घराण्याचें उदाहरण बोलकें आहे. व्होन गांवांत त्यांचे अनेक नामांकित मळे होते. मुलें पुष्कळ, त्यांत कांहीं अज्ञान. त्यामुळें १९३३ सालीं कायद्याप्रमाणें सर्व मळे लिलावांत काढावे लागले. त्या लिलावाच्या निमित्तानें ‘ला ताश’ हा प्रसिद्ध मळा रोमाने-कोंती इस्टेटीकडे आला. पण त्याच वेळीं घराण्यांतील दोघांनीं, ज्यांतला एक धर्मगुरू होता, ‘ला रोमाने’ हा दोन एकरांच्या आसपासचा मळा व आणखी कांहीं तुकडे परत विकत घेऊन घराण्याचा धागा तुटूं दिला नाहीं. एका घराचा लिलाव तो दुसऱ्या घराचा भाग्योदय, हें बर्गंडींत नित्याचें आहे.

आपल्यावर तीच वेळ येऊं नये म्हणून रोमाने-कोंतीच्या धन्यांनीं १९४२ सालीं एक उपाय योजला. आंरी लेरॉय यानें इस्टेटीचा निम्मा भाग घेतला, आणि दोन्ही घराण्यांनीं मिळून एक मंडळी स्थापन केली. तेव्हांपासून वारसांत वांटले जातात ते मंडळीचे हिस्से. जमिनीला कात्री लागत नाहीं.

परंतु जमिनीवर नांव लागणें निराळें आणि जमीन जगविणें निराळें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतून फायलोक्सेरा नांवाचा सूक्ष्म किडा युरोपांत आला आणि वेलींचीं मुळें शोषून त्यानें फ्रान्समधील बहुतेक मळे उजाड केले. यावर उपाय निघाला तो अमेरिकन वेलीच्या बुंध्यावर फ्रेंच वेलीचें कलम करण्याचा. जवळजवळ सर्वांनीं तो पत्करला. रोमाने-कोंती मळ्यांत मात्र जुन्या वेली स्वतःच्याच मुळांवर राखण्याचा हट्ट धरण्यांत आला. त्यासाठीं जमिनींत वरचेवर कार्बन बायसल्फाइड सोडावें लागे. हा खर्चिक खटाटोप अर्धशतकाहून अधिक काळ चालला. दुसऱ्या महायुद्धांत औषध मिळेना, मजूर मिळेनात, आणि वेली खंगत गेल्या. १९४५ सालीं साऱ्या मळ्यांतून जेमतेम सहाशें बाटल्या निघाल्या, आणि त्यानंतर त्या पुरातन वेली उपटून टाकण्यांत आल्या. १९४७ सालीं नवी लागवड झाली. तिच्यासाठीं काड्या घेतल्या त्या ला ताशच्या मळ्यांतून. १९४६ पासून १९५१ पर्यंत रोमाने-कोंतीचें मद्य निघालेंच नाहीं; तें पुन्हां निघालें १९५२ च्या पिकाचें. चौदा वर्षांपूर्वीं घेतलेला मळा अशा रीतीनें मूळ मळ्याच्या पुनर्जन्मास उपयोगी पडला.

मळे आपल्याकडे घेण्याची या इस्टेटीची पद्धत सावकाशीची आहे. ज्या मठानें हा सारा उतार लागवडीस आणला, त्याचेंच नांव मिरविणारा ‘रोमाने-सां-व्हिव्हां’ हा मळा क्रांतीच्या काळापासून मारे-मोंज घराण्याकडे होता. इस्टेटीनें तो १९६६ सालीं खंडानें घेतला, बावीस वर्षें कसला आणि मग १९८८ सालीं विकत घेतला. मठाच्या भग्न भिंतींची डागडुजी करण्याच्या कामांतही पुढें इस्टेटीनें पुढाकार घेतला.

२००८ चा कोर्तोंचा करार या परंपरेंतला आहे. कोर्तोंची टेकडी व्होनच्या दक्षिणेला, बोन शहराजवळ आहे. बोनच्या बाजूच्या उतारावर तांबड्या मद्यासाठीं सर्वोच्च दर्जा मिळविणारें हें एकच स्थान. मेरोद घराण्याकडून घेतलेल्या तीन मळ्यांचीं नांवें ब्रेसांद, रनार आणि क्लो द्यु र्वा अशीं आहेत. शेवटच्या नांवाचा अर्थ ‘राजाचा मळा’. तो पूर्वीं बर्गंडीच्या ड्यूकांचा होता. १४७७ सालीं शेवटचा ड्यूक चार्ल्स रणांत पडला, प्रांत फ्रान्सच्या राजाकडे गेला, आणि त्याबरोबर मळाही राजाचा झाला. आज फ्रान्सला राजा नाहीं, परंतु मळा अद्याप राजाचाच म्हणविला जातो. नव्या कसणाऱ्यांचें पहिलें पीक २००९ चें. तिन्ही मळ्यांचा रस एकत्र करून त्याचें एकच मद्य करण्यांत आलें. २०१८ सालीं त्याच टेकडीवरील बोनो द्यु मार्त्रे इस्टेटीकडून पांढऱ्या मद्याचाही कांहीं भाग याच रीतीनें खंडानें घेण्यांत आला.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. मळ्यांच्या किंमती इतक्या चढल्या आहेत कीं, बाप वारल्यावर वारसाकर भरण्याची आणि भावाबहिणींचे हिस्से देण्याची ऐपत कसणाऱ्या मुलाला राहत नाहीं. मग मोठ्या भांडवलवाल्यांचे हात पुढें येतात. मोरे-सां-देनी गांवचा ‘क्लो द तार’ हा मळा ११४१ पासून तार येथील भिक्षुणींचा, १७९१ पासून मारे-मोंज घराण्याचा आणि १९३२ पासून मोमेसां घराण्याचा होता. जवळजवळ नऊ शतकांत तीनच धनी! चौथा धनी २०१७ सालीं आला : बोर्दोंतील प्रख्यात लातूर इस्टेटीचा मालक, उद्योगपति फ्रांस्वा पिनो. त्याच गांवांतील ‘क्लो दे लांब्रे’ हा शेजारचा मळा २०१४ सालींच चैनीच्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या एका प्रचंड कंपनीनें घेतला होता. नवे धनी मळ्यांची हेळसांड करतात असें नव्हे. पैसा ओतून ते कदाचित् अधिकच काळजी घेतील. परंतु ज्या गांवांत मळेवाला स्वतः नांगरामागें चालत असे, तेथें त्याचा मुलगा उद्यां पगारी नोकर होणार काय, हा प्रश्न तेथील लोकांना भेडसावतो आहे, आणि तो खोटा नाहीं.

म्हणूनच मेरोद घराण्याशीं झालेल्या कराराचें मोल साडेपांच एकरांपुरतें नाहीं. वारसांना जमीन विकावी लागली नाहीं, मळे नालायक हातीं पडले नाहींत, आणि घेणारानें आपल्या मोठ्या नांवाखालीं जुनें नांव बुडविलें नाहीं. जमीनदाराला खंड मिळतो, कसणाराला पीक मिळतें, आणि मळ्याला त्याची निगा मिळते. ड्यूक, साधू, राजपुत्र, सावकार हे सारे या उतारावरून येऊन गेले. त्यांतल्या ज्यांनीं मळा नीट राखला, त्यांचीं नांवें मळ्यानेंही राखलीं. पट्ट्याला मुदत असते. ती संपेल त्या दिवशीं वेली कोणत्या स्थितींत परत मिळतात, यावरूनच रोमाने-कोंती इस्टेटीच्या कोर्तोंवरील कारभाराची किंमत ठरणार आहे.