घरी शिकणाऱ्या मुलांची पुस्तकं: आधी परीक्षा ठरवा, मग पैसे खर्च करा

मूल हिफ्ज करतंय, तब्येत नाजूक आहे, अब्बूंची बदली सारखी होते. अशा कारणांनी पुण्यातल्या आपल्या काही घरांत दोन-तीन वर्षं शाळा थांबते आणि अभ्यास घरी सुरू होतो. असे पालक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "टीचर, कोणता सेट घेऊ?" माझ्या ओळखीच्या एका घराने परदेशी अभ्यासक्रमाचा महागडा संच मागवला. दहावीची वेळ आली तेव्हा कळलं, मुलीला जी परीक्षा द्यायची आहे तिच्यात यातलं फारसं काही नाही. पुस्तकं पुन्हा घ्यावी लागली, आणि मुलीचं एक वर्षही गेलं. पैसे नंतर भरून निघतात, वर्ष निघत नाही.

आधी परीक्षा ठरवा

घरी शिकलेल्या मुलासमोर साधारण तीन वाटा आहेत.

1. राष्ट्रीय मुक्त विद्यालय (एनआयओएस): ही संस्था 1989 पासून आहे. दहावीसाठी किमान वय 14. विषय निवडता येतात, माध्यमांत मराठी आणि उर्दू दोन्ही आहेत. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्या काळात नऊ संधी मिळतात. अभ्यासाची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत आहेत.
2. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ: इथे पाचवी आणि आठवी या पातळीच्या परीक्षा होतात. पाचवीसाठी 10 आणि आठवीसाठी 13 वर्षं पूर्ण लागतात.
3. राज्य मंडळाचा 17 नंबर फॉर्म: खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावी देता येते. शाळा सोडल्याचा दाखला आजच जपून ठेवा.

परत शाळेत जायची वाटही बंद होत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार 6 ते 14 वयाच्या मुलाला त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात प्रवेश मिळतो. म्हणून या वयात राज्याचाच अभ्यासक्रम धरून चालणं सोयीचं आणि स्वस्त.

बालभारती आपल्याच शहरात आहे

पाठ्यपुस्तक मंडळ म्हणजे बालभारती 1967 मध्ये स्थापन झालं. त्याचं मुख्यालय सेनापती बापट रोडवर आहे. मराठी, उर्दू, इंग्रजी, हिंदी अशा अनेक माध्यमांची पुस्तकं ते काढतं, आणि खासगी संचांच्या मानाने ती फार स्वस्त असतात. शिवाय ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत मिळते. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाला गणित किंवा विज्ञान अडलं, तर त्याच धड्याचं मराठी पुस्तक शेजारी उघडून ठेवा. एकच आकृती, एकच उदाहरण, दोन भाषांत. दोन्ही भाषा पक्क्या होतात आणि वेगळ्या गाइडची गरज उरत नाही.

पण पीडीएफ मोफत आहे म्हणून सगळं पुस्तक प्रिंट करू नका. पानाला दोन रुपये धरले तरी 150 पानांचे 300 रुपये होतात. छापील पुस्तक त्याहून स्वस्त पडतं. मोबाईलवर वाचा आणि फक्त स्वाध्यायाची पानं काढून घ्या.

जुनी पुस्तकं घेताना

अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं निम्म्या किमतीच्या आसपास मिळू शकतात. दोन गोष्टी मात्र बघून घ्या.

- 2023-24 आणि 2024-25 या दोन वर्षांत दुसरी ते आठवीची पुस्तकं वह्यांची कोरी पानं घालून चार भागांत निघाली. प्रत्येक भागात सगळ्या विषयांचे थोडे-थोडे धडे आहेत. एक भाग कमी असेल तर प्रत्येक विषयाचे काही धडे गायब! चारही भाग मोजून घ्या.
- नवीन अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने लागू होतोय. पहिलीची पुस्तकं 2025-26 मध्ये बदलली. कोणत्याही इयत्तेचं जुनं पुस्तक घेण्याआधी मुखपृष्ठ ई-बालभारतीवरच्या पुस्तकाशी ताडून बघा.

मोफत, पण कामाचं

- दीक्षा अ‍ॅप: पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ उघडतात.
- 'किशोर' मासिक: बालभारती 1971 पासून काढते. जुने अंक ऑनलाइन मोफत आहेत. मराठी वाचनासाठी याहून चांगलं काय?
- स्टोरीविव्हर: प्रथम बुक्सचं गोष्टींचं संकेतस्थळ. मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत सचित्र गोष्टी आहेत.
- अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ: पुण्याच्या आयुकामधल्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षं काम केलं. स्ट्रॉ, काडेपेटी, जुन्या बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी कशी करायची ते तिथे आहे. विज्ञानाचं किट विकत घेण्याआधी हे बघाच.

तीन घरं मिळून

कोंढवा, कॅम्प, मोमिनपुरा, कुठेही तीन-चार घरं एकत्र आली तर शब्दकोश, नकाशे, कंपास पेटी, गोष्टींची पुस्तकं एकदाच घ्यावी लागतात. मोठ्या मुलाची पुस्तकं लहान्याला द्यायची असतील तर उत्तरं पेन्सिलने किंवा वेगळ्या वहीत लिहायची सवय लावा. एका घरातली आपा गणित घेईल, दुसरीकडे कुणी मराठी. ट्यूशनची फीही वाचते.

पैसे कुठे वाचवू नयेत

परीक्षेची फी, छापील मुख्य पाठ्यपुस्तक, चांगल्या वह्या आणि मुलाचा चष्मा. इथे हात आखडता घेऊ नका. दर महिन्याला थोडी रक्कम परीक्षा फीसाठी बाजूला टाका. ऐनवेळी फी नाही म्हणून फॉर्म राहून जातो, आणि असा राहिलेला फॉर्म बहुतेक वेळा मुलीचा असतो. हे आपण सगळे जाणतो.

म्हणून या आठवड्यात एवढंच करा: एका कागदावर मुलाचं वय, कोणती परीक्षा आणि कोणत्या वर्षी, हे तीन रकाने लिहा. ते भरले, की काय विकत घ्यायचं ते आपोआप कळेल. आणि काय नाही, तेसुद्धा.