थळ घाटातील उमेदवारी

मुंबईहून नाशिककडे निघालेली आगगाडी वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी ही शहापूर तालुक्यातील स्थानके मागे टाकून कसाऱ्यास येते. पुढे थळ घाट असतो. येथे बहुतेक गाड्यांच्या पाठीशी आणखी एंजिने जोडतात आणि मग गाडी इगतपुरीच्या दिशेने चढू लागते. प्रवाशाचे लक्ष दरीकडे व धबधब्यांकडे लागलेले असते. एंजिनाचे बळ कंपनीला विकत घेता येते. परंतु ते बळ घाटात केव्हा लावावे, केव्हा आवरावे, हे ज्ञान विकत मिळत नाही. ते माणसाला शिकवावे लागते. या घाटाचा इतिहास म्हणजे बोगद्यांचा व पुलांचा इतिहास खराच; पण कामगाराला काम शिकविणे किती मोलाचे आहे, याचाही तो इतिहास आहे.

कोकणातून देशावर जाण्याच्या वाटा फार जुन्या. मुरबाड तालुक्याच्या माथ्यावरील नाणेघाट सातवाहनांच्या काळापासून व्यापाराचा मार्ग होता, हे तेथील शिलालेख सांगतात. त्याच्याच शेजारी माळशेज घाट आहे. लोहमार्गाचे बेत प्रथम आखले गेले, तेव्हा गाडी या माळशेज घाटातूनच वर न्यावी, असा विचार होता. 1850 साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य इंजिनियर म्हणून जेम्स बर्कली मुंबईस आले. डोंगरांची नव्याने पाहणी झाली, माळशेजचा बेत मागे पडला, आणि ईशान्येचा मार्ग थळ घाटातून व आग्नेयेचा बोर घाटातून नेण्याचे ठरले. अशा रीतीने लोहमार्ग शहापूरच्या वाट्यास आला आणि मुरबाड बाजूस राहिले.

1853 च्या एप्रिलात मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली. 1855 मध्ये ती वासिंदपर्यंत पोहोचली. कसारा गाठावयास 1861 चा जानेवारी उजाडला. तेथून इगतपुरीपर्यंतचे अंतर अवघे साडेनऊ मैलांच्या आसपास. पण त्यात 972 फूट चढावयाचे होते. सर्वांत कठीण जागी दर 37 फुटांस 1 फूट असा चढ होता. तेरा बोगदे, सहा मोठे पूल, आणि मधोमध एक उलटफेरीचे स्थानक, जेथे एंजिन गाडीच्या एका टोकाकडून काढून दुसऱ्या टोकास लावीत आणि मग गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढे. 1865 च्या 1 जानेवारीस हा मार्ग खुला झाला.

हे काम करणाऱ्यांपैकी कोणी पूर्वी असे काम पाहिले होते काय? आपल्या गावगाड्यात लोहाराचा मुलगा भात्याशी बसून लोहार होई, सुताराचा मुलगा वाकस हाती धरून सुतार होई. पिढ्यान्‌पिढ्यांची ती उमेदवारी होती. परंतु सुरुंगाने कातळ फोडून बोगदा खणणे, शे-दोनशे फूट खोल दरीवर पूल उभारणे, ही विद्या कोणत्याच घराण्यात नव्हती. ती कामावरच शिकावी लागली. पाथरवटाच्या हातची जुनी कला नव्या मापाला जुळवून घ्यावी लागली. आणि अशा कामात चुकणाऱ्याला पुष्कळदा दुसरी संधी मिळत नसे.

त्या काळी मुंबईत एक संस्था होती. 1847 साली टांकसाळीतील व सरकारी गोदीतील तरुण फोरमन व यांत्रिक कारागिरांनी मिळून ‘मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन’ स्थापन केली होती. हाताने काम करणाऱ्याने त्यामागचे शास्त्रही समजून घ्यावे, हा तिचा हेतू. आज काळा घोड्याजवळ डेव्हिड ससून ग्रंथालय म्हणून जे ओळखले जाते, ते तिचेच पुढील रूप होय. 1860 च्या डिसेंबरच्या 10 तारखेस, सोमवारी, या संस्थेच्या विद्यमाने टाऊन हॉलमध्ये खुद्द बर्कली यांनी थळ घाटाच्या चढावर निबंध वाचला. स्वतःचे काम कारागिरांच्या संस्थेपुढे उलगडून सांगणारा मुख्य इंजिनियर ही गोष्ट आदरास पात्र आहे. पण तो निबंध इंग्रजीत होता, आणि कसारा तेथून पाऊणशे मैल दूर. ज्यांच्या डोक्यावरून त्या घाटातील माती वाहिली जात होती, त्यांच्या कानी त्यातील एक अक्षरही पडले नाही. पुढे दीर्घकाळ जी उणीव राहिली, तिचे मूळ येथे दिसते.

मार्ग खुला झाल्यावर खरी कसोटी सुरू झाली. चढण्यापेक्षा उतरणे अधिक धोक्याचे. आरंभीच्या काळात सबंध गाडीला एकदम लागणारा ब्रेक नव्हता. ठिकठिकाणच्या डब्यांतील ब्रेक माणसांनी हाताने आवळावयाचे. ड्रायव्हरची शिटी ऐकून प्रत्येकाने नेमके काय करावयाचे, हे ठाऊक असले पाहिजे. ब्रेक ढिला राहिला तर गाडी अनावर होई. फार घट्ट आवळला तर चाके फिरावयाची थांबून ओल्या रुळांवरून नुसती घसरत जात. म्हणून रुळांवर वाळू सोडावयाची. ती किती व केव्हा, हेही शिकण्याचेच. एका अडाणी हाताने बाकीच्या साऱ्या शहाण्या हातांचे श्रम व्यर्थ जावेत, असे हे काम.

परंतु शिकवावयाचे कोणाला? एकोणिसाव्या शतकात मेलगाड्यांचे ड्रायव्हर बहुधा युरोपीय किंवा अँग्लो-इंडियन असत. एतद्देशीय माणूस खलाशी, फायरमन, सांधेवाला, गँगमन झाला. पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यापर्यंत नियम तोंडीच पोहोचत. जुना खलाशी नव्यास सांगे, तो पुढल्यास. या परंपरेने घाट चालला, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण तिच्यात दोष होता. ‘असे कर’ एवढे तिच्यातून कळे, ‘असे का’ हे कळत नसे. ज्याला कारण ठाऊक नाही, तो नेहमीच्या प्रसंगी निभावून नेतो. अनपेक्षित प्रसंगी गोंधळतो. आणि ज्याला कारण शिकविलेच नाही, त्याला ‘याला वरची जागा झेपणार नाही’ असे म्हणणे हा न्याय नव्हे.

1930 च्या सुमारास घाटात विजेची एंजिने आली. जन्मभर कोळसा, पाणी व वाफ यांचा अंदाज राखलेल्या माणसांपुढे आता विस्तवच नव्हता. मालगाड्यांच्या नव्या एंजिनांत तर अशी योजना होती की, उतारावर मोटारीच जनित्राचे काम करीत, गाडीला आवर बसे आणि निर्माण झालेली वीज तारेत परत जाई. पंचवीस वर्षांचा अनुभवी मनुष्यही तेथे पुन्हा उमेदवार ठरला. एकदा शिकले म्हणजे संपले, हा समज यंत्रयुगात टिकत नाही.

आज चित्र पालटले आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था शहापुरात आहे, मुरबाडातही आहे. मुरबाडला कारखान्यांची वसाहत उभी आहे. 1961 च्या कायद्याने उमेदवारांना शिकविणे हे कारखान्यांचे कर्तव्य ठरविले. तरीही शिकविण्यात घालविलेला वेळ म्हणजे बुडालेले उत्पन्न, असे मानणारे मालक नाहीत असे नाही. त्यांनी थळ घाटाकडे पाहावे. तेथे नवा ड्रायव्हर अनुभवी ड्रायव्हराबरोबर फेऱ्या करून मार्ग शिकतो. तो पक्का ठाऊक झाल्यावाचून गाडी त्याच्या हाती देत नाहीत. हिशेबाच्या वहीत त्या फेऱ्या खर्चाच्या बाजूस पडत असतील. उतारावर त्याच जमेस येतात.

घाटात आणखी एक व्यवस्था आहे. उतारावर मुख्य मार्गाच्या बाजूस चढाचा एक आंधळा फाटा काढलेला असतो, आणि सांधा नेहमी त्या फाट्याकडेच लावून ठेवलेला असतो. उतरणाऱ्या प्रत्येक गाडीने त्याच्याअलीकडे पूर्ण थांबावयाचे. गाडी ताब्यात आहे हे असे सिद्ध झाले, म्हणजे मुख्य मार्ग मोकळा होतो. अनावर झालेली गाडी फाट्यावर चढते आणि तेथेच तिचा वेग जिरतो. हजार वेळा घाट उतरलेल्या ड्रायव्हरालाही हा थांबा चुकत नाही. ही परीक्षा त्याच्यावरील अविश्वासाची नव्हे. मागच्या डब्यांत झोपलेल्या माणसांविषयीची ती जबाबदारी आहे, आणि कामगाराला नीट शिकविण्याची जबाबदारी हिच्याहून वेगळी नाही.