भाकरीआधीचे आभार

आमच्या घरात जेवायला बसलं की कुणी लगेच भाकरीचा तुकडा मोडत नाही. ताटं वाढून होतात, पोरं हात आवरून बसतात आणि घरातलं एक माणूस डोळे मिटून देवबापाचे आभार मानतं. सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं की मग जेवण. समजायला लागल्यापासून मी हे बघतो आहे. पण त्या दोन मिनिटांच्या मागं किती पिढ्या उभ्या आहेत, हे कळायला मला साठी गाठावी लागली.

आमचं गाव नगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडात नगरच बसलेलं आहे. ज्ञानोबामाउलींनी ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली तो पैस खांब आमच्याच तालुक्यात. म्हणून ओवी, अभंग, टाळ-मृदंग इथल्या मातीतच आहे. आणि याच तालुक्यात वडाळा बहिरोबाला अमेरिकन मराठी मिशनचं जुनं ठाणं. फेअरबँक घराण्यातल्या साहेबांनी तिथं आयुष्यं घालवली. आमचं घराणं त्या ठाण्याच्या आसऱ्यानं ख्रिस्ती झालं.

मी सातवीत असताना वर्गातला एक पोरगा भांडणात म्हणाला, "तुमचे आजे-पणजे पोटासाठी बाटले." मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन आजीला विचारलं. वाटलं होतं, आजी चिडेल. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. भाकरी उलटून म्हणाली, "खरंय की. माझ्या बाला भूक लागली व्हती, मिशननं धान्य दिलं, त्यानं खाल्लं. त्यात काय लपवायचं? पर दुष्काळ सरला, धान्य बंद झालं. मंग माझा बा मरस्तोवर गात का राहिला, हे त्या पोराला इचार."

तो प्रश्न मी त्या पोराला कधी विचारला नाही. स्वतःलाच विचारत राहिलो.

मिशनची माणसं नगरला १८३१ मध्ये आली. पहिली कितीएक वर्षं त्यांच्यामागं फार थोडे लोक गेले. पुढं १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला. नंतर १८९६-९७ चा, आणि तो सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा. गावाच्या कडेला राहणाऱ्या महार-मांगांच्या घरात आधीच काही नव्हतं, दुष्काळात तर चुलीच विझल्या. माझ्या आजीच्या वडिलांनी या शेवटच्या दुष्काळाच्या वेळी बाप्तिस्मा घेतला, असं ती सांगायची. तेव्हा पोटाचा संबंध नव्हता असं म्हणणं खोटं होईल. पण माणूस धान्यासाठी आला तरी धान्य संपल्यावर तो नुसत्या धान्यासाठी थांबत नाही. तो थांबला, कारण त्याला आणखी काहीतरी मिळालं. ते काय, हे शोधताना मला तीन गोष्टी सापडल्या.

पहिली म्हणजे गाणं. सुरुवातीला देवळात इंग्रजी चालीवरची गाणी मराठी शब्द घालून म्हणत. (आमच्याकडं चर्चला जुनी माणसं देऊळच म्हणत.) ती गाणी आमच्या लोकांच्या गळ्यात बसत नव्हती. रानात मोट हाकणाऱ्याला, जात्यावर बसलेल्या बाईला ती चाल कशी यावी? नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी हे ओळखलं आणि येशूची कथा कीर्तनात आणली. मग आले रेव्हरंड नारायण वामन टिळक. कोकणातल्या करजगावचा हा चित्पावन ब्राह्मण १८९५ मध्ये मुंबईला ख्रिस्ती झाला आणि नगरला येऊन राहिला. तुकोबांच्या अभंगांचा पूल ओलांडूनच आपण ख्रिस्ताकडं आलो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी अभंग लिहिले, पदं लिहिली, भजनं लिहिली. १९१९ मध्ये ते गेले, पण त्यांची गाणी आजही आमच्या 'उपासना संगीत'मधून दर रविवारी गायली जातात.

आजी म्हणायची, तिच्या बाला आधी देवापुढं तोंड उघडायची चोरी होती. गावच्या देवळात पायरीशीसुद्धा उभं राहता येत नव्हतं. आता त्याला त्याच्याच बोलीत, त्याच्याच चालीत, टाळ वाजवत देवाशी बोलता येऊ लागलं. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून आलेला माणूस रात्री कंदिलाच्या उजेडात बसून गायचा. त्याच्या आनंदाला पैसा लागत नव्हता, सुट्टी लागत नव्हती. टाळ नसले तर टाळी होती.

आमच्या भजनात मृदंग वाजवायला वारकरी मंडळातले नाना यायचे. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. आमचे पाळकसाहेब त्यांना म्हणायचे, "नाना, सलाम." नाना म्हणायचे, "रामकृष्ण हरी, पाळकसाहेब." आणि मग दोघं एका तालावर यायचे. एकादशीला आमच्यातले दोघं-तिघं तिकडं टाळ धरायला जात. यात कुणाचा धर्म बुडाला नाही.

दुसरी गोष्ट अक्षर. नगरला मिस फॅरार या मिशनच्या बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या होत्या. त्या बघूनच जोतीराव फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढायचा हुरूप आला. ते शिक्षण झिरपत झिरपत खेड्यांत यायला वेळ लागला, पण आलं. माझी आजी मिशनच्या शाळेत चार इयत्ता शिकली. आमच्या वस्तीत वाचता येणारी ती पहिली बाई. संध्याकाळी बायका तिच्याभोवती बसत आणि ती बायबल वाचून दाखवी. वाचताना बोट ओळीवरून सरकायचं. बोटाची कातडी शेणामातीनं फुटलेली, आणि तेच बोट अक्षरावर. तो तिचा दिवसातला सगळ्यात सुखाचा वेळ होता, हे तिच्या तोंडावर दिसायचं.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचं 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक १९३४ पासून भागाभागांनी निघालं. आमच्या बाने कुठून तरी ते आणलं होतं. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बाई काही वर्षं त्याच्यापासून तुटून राहिल्या, पुढं त्याच्याकडं आल्या आणि १९०० मध्ये स्वतःही ख्रिस्ती झाल्या. घरात चणचण, नवरा हातचं असेल ते वाटून टाकणारा. पण पुस्तकभर बाई स्वतःच्या फजितीवर हसतात. आजी ते वाचताना इतकी हसायची की डोळ्यांना पदर लावायची. म्हणायची, "बघ, हिला रडायला किती जागा व्हती, पर ही हसली." मला वाटतं, आमच्या लोकांचा आनंद म्हणजे काय हे त्या पुस्तकात जसं उतरलंय तसं मोठमोठ्या उपदेशांत उतरलेलं नाही.

तिसरी गोष्ट पंगत. हे लगेच झालं नाही, तेही सांगितलं पाहिजे. बाप्तिस्मा घेतला म्हणून जात एका दिवसात पुसली गेली नाही. आमच्यातच महार आणि मांग एका पंगतीला मोकळेपणानं बसायला एक पिढी गेली, सोयरीक जमायला त्याहून जास्त. पण प्रभुभोजनाला भाकरी एक आणि प्याला एक, तिथं वेगळं बसायची सोय नव्हती. तिथून सुरू झालं ते हळूहळू घरापर्यंत आलं.

या पंगतीचा सगळ्यात मोठा दिवस म्हणजे हंगामाचा सण. खळी उरकली की एका रविवारी प्रत्येक घर आपलं पहिलं पीक देवळात आणायचं. बाजरीची कणसं, हरभऱ्याचं डहाळं, गुळाची ढेप, मेथीच्या जुड्या, पाय बांधलेला कोंबडा. उपासना झाली की बाहेर लिंबाखाली लिलाव. एका म्हातारीनं एकदा एकच अंडं आणलं होतं. तिच्याकडं तेवढंच होतं. एकानं ते बोली लावून घेतलं आणि परत देवाला वाहिलं. दुसऱ्यानं घेतलं, त्यानंही परत वाहिलं. असं करता करता त्या एका अंड्याचे कोंबड्याहून जास्त पैसे झाले. म्हातारी लाजून पदरानं तोंड झाकून हसत होती. पैसे मंडळीच्या पेटीत गेले, पण त्या दिवशी सगळ्यात मोठं दान तिचं ठरलं. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. तो हशा अजून कानात आहे.

कुणी म्हणेल, ख्रिस्ती होऊन तुमचं सगळं भलंच झालं का? तसंही नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती धर्म बदलून ख्रिस्ती झालेल्यांना मिळाल्या नाहीत. गावानं आम्हाला आमची जुनी जात कधी विसरू दिली नाही आणि कागदानं ती कधी मानली नाही. माझा थोरला भाऊ हुशार होता. त्याला फी भरता आली नाही, कामाला लागावं लागलं. त्या रात्री बा जेवला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं गाणं रोजच्यासारखं ऐकू आलं, आवाज मात्र बसलेला होता. पोटासाठी बाटलेला माणूस तोटा झाल्यावर परत गेला असता. माझा बा गेला नाही.

आणि मग १९७२ आलं. मी बारा वर्षांचा होतो. विहिरी कोरड्या, जनावरं दावणीला बसून गेलेली. सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला. हातांना फोड, डोळ्यांत धूळ. रेशनला लाल मिलो यायचा, कामावर पोरांना सुकडी मिळायची. मिलोची भाकरी थापताना तुटायची आणि गिळताना घशाला टोचायची. एका रात्री आजी आभार मानायला लागली तेव्हा मी चिडून म्हणालो, "कशाचे आभार मानतीस? ह्या दुष्काळाचे?"

बा माझ्यावर हात उगारणार होता. आजीनं त्याला थांबवलं. म्हणाली, "आरं, दुष्काळाचे आभार मानायचे नसत्यात. दुष्काळ वंगाळच हाय. पर आज दिवसभरात काय चांगलं झालं, त्यातली एक तरी गोष्ट नाव घेऊन सांगायची. नुसतं 'सगळ्याबद्दल आभार' म्हणू नको, त्यात चोरी असती. नाव घे." आणि तिनं डोळे मिटून सांगितलं, "देवबापा, आज नानांनी त्यांच्या विहिरीवर आपल्याला दोन हंडे भरू दिले, त्याबद्दल तुझे आभार. येशूच्या नावानं मागते, आमेन." नानांच्या विहिरीवर त्याआधी आमच्या माणसांनी कधी हंडा टेकवला नव्हता. दुष्काळात ते झालं होतं. मला ते दिसलंच नव्हतं, तिला दिसलं होतं.

पुढं मोठेपणी कळलं की पौलानं फिलिप्पैकरांना ते आनंदानं भरलेलं पत्र लिहिलं, तेव्हा तो बंदिवासात होता. आजीला हे ठाऊक असेल. तिनं सांगितलं नाही, करून दाखवलं.

आजी गेली, बा गेला. घरातला वडील म्हणून आभार मानायचं काम माझ्याकडं आलं. मी ते वर्षानुवर्षं केलं, पण खरं सांगतो, सवयीनं केलं. आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझी बायको गेली. मातीला चार माणसं, गाणं नाही, टाळ नाही. पन्नास माणसांच्या आवाजात जिला निरोप मिळायचा तिला मुकाट्यानं पुरलं. त्यानंतर जेवायला बसल्यावर माझं तोंडच उघडेना. ताटं वाढलेली, सगळे माझ्याकडं बघत बसलेले. मी मान हलवायचो आणि मुलगा घाईघाईनं दोन शब्द बोलायचा. देवाला शिव्या द्याव्यात एवढंही बळ माझ्यात नव्हतं.

असे काही महिने गेले. एक दिवस मुलगा घरी नव्हता. ताटं वाढून झाली. मी गप्प. माझी सहा वर्षांची नात थोडा वेळ थांबली, मग तिनंच डोळे मिटले. "देवबापा, आजीनं केलेलं लोणचं अजून बरणीत हाय, त्याबद्दल तुझे आभार." एवढंच बोलली आणि 'आमेन' म्हणून जेवायला लागली.

तिला हे नाव घेऊन आभार मानायचं कुणी शिकवलं? मी तर शिकवलं नव्हतं. सुनेला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आत्यांनी शिकवलं. त्या रोज झोपताना तिला विचारायच्या, आज काय चांगलं झालं, नाव घेऊन सांग." म्हणजे माझ्या आजीची शिकवण माझ्या बायकोनं उचलली, तिनं नातीला दिली. मधल्यामध्ये मी तेवढा कोरडा राहिलो होतो.

त्या दिवशी मी लोणच्याची फोड भाकरीवर घेतली आणि पुष्कळ दिवसांनी चव लागली. डोळ्यांतून पाणी आलं. नातीला वाटलं, तिखट लागलं. तिनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर मी आता देऊ शकतो. तिचा बा मरेपर्यंत गात राहिला, कारण त्याला धान्याबरोबर रोज एक चांगली गोष्ट शोधायची नजर मिळाली होती. धान्य त्या दुष्काळापुरतं होतं. ही नजर पाच पिढ्या पुरली.

बरणी पुढं उन्हाळ्यात रिकामी झाली. सुनेनं त्याच बरणीत नवं लोणचं घातलं. रात्री जेवताना आभार मी मानले.