सुट्टीतला बिगूल

1994 सालची गोष्ट. 1 मेला थोरली सातवीचा निकाल घेऊन घरी आली. एका हातात प्रगतिपुस्तक, दुसऱ्या हातात शाळेचा पितळी बिगूल. बँडपथकाच्या गुरुजींनी चिठ्ठी दिली होती, 'सुट्टीत रोज सराव करून घ्या. दीड महिना बंद राहिला तर ओठ सुटतो. 15 ऑगस्टची सलामी हिच्याकडं आहे.' खाली माझी सही हवी होती. बिगूल पिचला किंवा हरवला तर भरपाई आमची. सही केली.

आमचे आबा ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "वाजंत्र्याचं काम आपल्या घरात? अन् ते बी पोरीनं?"

आबांचा तरी काय दोष? आमच्या माणदेशात वाद्य जातीवर वाटलेलं होतं. हलगी मातंगांची, सनई होलारांची. दवंडी, लग्न, जत्रा, बेंदराची मिरवणूक, सगळं त्यांच्याच हातावर चालायचं. वाजवल्याशिवाय आमचं कुठलंच कार्य होत नव्हतं, पण वाजवणाऱ्याला उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. इंग्रजांच्या पलटणींबरोबर पितळी बँड आपल्याकडं आला. बडोद्यासारख्या संस्थानांनी तो ठेवला आणि हळूहळू तो लग्नाच्या वरातीत उतरला. वाद्य बदललं, गणवेश आला, पण वाजवणारी घरं बहुतेक तीच राहिली.

शाळेच्या बँडपथकानं मात्र हे मोडलं. ज्याला जमेल त्याच्या हातात वाद्य. आमच्या थोरलीला बिगूल मिळाला तो असा.

पहिल्या दिवशी तिनं सोप्यात फुंकला. म्हैस बिचकली, तिनं पान्हा चोरला. दुसऱ्या दिवसापासून विहिरीवरच्या आंब्याखाली पाठवली. पण नुसतीच हवा जायची. चौथ्या दिवशी ओठ सुजला. गुरुजी सुट्टीला त्यांच्या गावी गेलेले. आता शिकवणार कोण?

गावात एकच माणूस होता, होलार वस्तीतले तात्या. त्यांचे वडील सनई वाजवायचे, तात्या बँडात कॉर्नेट वाजवायचे. 1972 च्या दुष्काळात लग्नं थांबली, तेव्हा कॉर्नेट गहाण पडला आणि तात्या रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला बसले. तिथं आमचं घरही होतंच. सुकडी खाताना तेवढ्यापुरती कुणी जात विचारली नाही.

1980 ला माझं लग्न झालं. तात्यांचा बँड पहाटेपासून वाजत होता. पंगती उठल्या आणि शेवटी त्यांना भिंतीबाहेर पत्रावळी मांडल्या. मी नवरदेव होतो. बघत होतो. बोललो न्हाई.

आता त्यांच्याच दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी घोंगडं टाकलं, मी बसलो. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "मालक, पोरीला हितं पाठवणार, का म्या तुमच्या हिरीवर यायचं?"

घाम फुटला. म्हणालो, "तिला पाठवतो, तात्या. शिकायला शिष्यानंच यावं."

आबा पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तात्यांनी दोन दिवस बिगूल हातातच धरू दिला नाही. नुसते ओठ मिटून भुंग्यासारखा आवाज काढायला लावला. मग एकच सूर, जमेल तेवढा लांब. कॉर्नेटला तीन खटके असतात, बिगुलाला एकही नसतो. चार-पाच सूर निघतात ते नुसत्या ओठाच्या ताणावर आणि दमावर. "गाल फुगवू नगं. जेवल्या जेवल्या वाजवू नगं. जेवढं वाजवशील तेवढंच थांब. ओठ दुखला की बंद." वाजवून झालं की आतलं पाणी झटकून टाकायचं, कोमट पाण्यानं नळी धुवायची. वरून चिंच लावून पितळ उजळायचं.

आमच्याकडं काम एवढंच की तिला साडेपाचला उठवायचं, वस्तीपर्यंत सोडायचं आणि सकाळच्या शेणातून तिला मोकळी ठेवायची. तिच्या वाटची शेळ्यांची खेप तिच्या आईनं केली. मला सुरातलं काही कळत नव्हतं. मी घोंगड्यावर बसून राहायचो. हळूहळू वस्तीतल्या बाया मला चहा द्यायला लागल्या आणि मी तो प्यायला लागलो. लिहायला सोपं वाटतं. पहिला कप हातात धरला तेव्हा रस्त्यानं कोण जातंय का, हे मी वळून बघितलं होतं.

15 ऑगस्टला झेंडा वर गेला आणि थोरलीनं सलामी दिली. मधला एक सूर जरा फाटला. तात्या आवाराबाहेर लिंबाखाली उभे होते. आत या म्हटलं तर नको म्हणाले. मग मीच बाहेर त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "फाटला, पण सुटला न्हाई."

2003 ला थोरलीचं लग्न झालं. तात्या पहिल्या पंगतीला बसले, त्यांना मी वाढलं. आबांनीही वाढलं असं लिहिलं असतं तर गोष्ट गोड झाली असती. पण आबा त्या दिवशी मळ्यातच बसून राहिले. ताटावर बसताना तात्यांनी एकदा दाराकडं बघितलं होतं, एवढं मला आठवतं.