रिकाम्या तिजोरीच्या किल्ल्या

मोटारींच्या शर्यतीत बाई म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? गाडीशेजारी पाटी नाहीतर छत्री धरून हसत उभी राहिलेली एखादी देखणी मुलगी. फॉर्म्युला वनमध्ये ही पद्धत २०१८ साली बंद झाली. पण त्याच्या सहा वर्षं आधी, त्याच मैदानावर एका बाईनं आख्खा संघ चालवायला घेतला होता. आणि मैत्रिणींनो, ही बाई जन्मानं आपल्या डेहराडूनची!

मोनिशा नारंगचा जन्म १९७१ सालचा. ती लहान असतानाच घरचे सगळे ऑस्ट्रियात, व्हिएन्नाला जाऊन राहिले. तिथल्या विद्यापीठात ती कायदा शिकली, पुढं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारी कायदा शिकली. लग्नानंतर काल्टेनबॉर्न झाली, दोन मुलांची आई झाली. शर्यतीशी तिचा संबंध आला तो चाकांमुळं नव्हे, कागदांमुळं. ज्या उद्योगसमूहात ती वकील होती, त्याची स्वित्झर्लंडच्या सॉबर संघात भागी होती. पुढं समूहानं भागी विकली, पण मोनिशा २००० साली सॉबरमध्येच गेली आणि तिथलं कायद्याचं खातं सांभाळू लागली.

आता तुम्ही म्हणाल, शर्यतीला वकील कशाला? अहो, आपल्याला दिसतो तो फक्त हेल्मेट घातलेला चालक. त्याच्यामागं शेकडो माणसांचा कारखाना असतो. इंजिन विकत घ्यायचं, जाहिरातदार मिळवायचे, चालकांशी करार करायचे, पगार भागवायचे. वर्षाअखेरी संघ कितव्या क्रमांकावर आला, त्यावर पुढच्या वर्षीचे पैसे ठरतात. लग्नघरात मांडवात मिरवणारे वेगळे आणि कोठीघर सांभाळणारी वेगळी, तसंच हे. मोनिशा कोठीघर सांभाळणारी.

२००९ साली बीएमडब्ल्यू कंपनीनं या संघातून अंग काढून घेतलं. संघ बंद पडायची वेळ आली, तेव्हा मूळ संस्थापक पीटर सॉबर यांनी तो परत विकत घेतला. आणि २०१० च्या सुरुवातीला कारभाराच्या किल्ल्या दिल्या मोनिशाच्या हातात. मला इथं थोडं थांबावंसं वाटतं. भरल्या घराच्या किल्ल्या बाईकडं सहसा येत नाहीत. तिजोरी रिकामी झाली, देणेकरी दारात आले, की मग सगळ्यांना आठवतं, ‘अगं, हिला जमेल की!’ आपल्या ओळखीतल्या चार घरांत हेच झालेलं आपण बघितलंय.

पण पीटर सॉबर यांनी आणखी एक गोष्ट केली, ती मला जास्त मोलाची वाटते. २०१२ साली त्यांनी संघाची एकतृतीयांश मालकी मोनिशाच्या नावावर केली. घर चालवणं वेगळं आणि उताऱ्यावर नाव असणं वेगळं, हे सीमाभागातल्या बायकांना काही वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी संघानं चार वेळा पहिल्या तिघांत येण्याची कामगिरी केली. ऑक्टोबरमध्ये जपानच्या शर्यतीत कामुई कोबायाशी तिसरा आला, आणि त्याच आठवड्यात मोनिशा संघप्रमुख झाली. फॉर्म्युला वनमधली पहिली स्त्री संघप्रमुख म्हणून तिचंच नाव घेतात. पुढच्या वर्षी विल्यम्स संघात क्लेअर विल्यम्स उपप्रमुख झाली, पण तो तिच्या वडिलांचा संघ. मोनिशाला असं माहेर नव्हतं.

पुढचे दिवस मात्र कठीण आले. २०१४ मध्ये नव्या पद्धतीची इंजिनं आली, खर्च वाढला, आणि सॉबरला वर्षभरात एकही गुण मिळाला नाही. १९९३ पासून असं कधी झालं नव्हतं. पैसा हवा म्हणून प्रायोजक घेऊन येणारे दोन चालक ठरवले गेले. पण त्याआधी खीडो व्हान डर गार्डे या डच चालकालाही २०१५ सालचा करार दिलेला होता! जागा दोन आणि शब्द दिलेले तिघांना. तो कोर्टात गेला. मार्च २०१५ मध्ये, मेलबर्नच्या शर्यतीच्या तोंडावर, निकाल त्याच्या बाजूनं लागला. शेवटी भरपाई देऊन प्रकरण मिटवावं लागलं.

हे लपवून तिचं कौतुक करणं मला पटत नाही. स्वतः कायद्याची जाणकार असलेल्या बाईच्या कारभारात करारच मोडला जावा, हे लागतंच मनाला. पोरांची फी भरायला भिशीचे पैसे मोडणारी बाईसुद्धा अडलेलीच असते, पण ज्यांचे पैसे होते त्यांचं नुकसान त्यामुळं कमी होत नाही.

२०१६ मध्ये पगार लांबले. जुलैत नव्या मालकांनी संघ विकत घेतला आणि तो वाचला. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलच्या भर पावसात फेलिपे नासर नववा आला. दोनच गुण मिळाले, पण त्या दोन गुणांनी सॉबर शेवटून दुसऱ्या जागी गेला आणि क्रमांकाचे पैसे हाती आले. मागं पडलेला मॅनॉर संघ दोन महिन्यांत दिवाळखोरीच्या वाटेला लागला. कोठीघरातल्या माणसालाच कळतं, दोन मुठी धान्याची किंमत काय असते.

जून २०१७ मध्ये मोनिशानं नव्या मालकांशी वाट वेगळी केली. संघ पुढं चालू राहिला.

तिच्या नावे काय लिहायचं? मोडलेला करार, गुण न मिळालेलं एक वर्ष, लांबलेले पगार. जमेला? बुडता संघ सात वर्षं तगवला, शेकडो घरांची चूल पेटती ठेवली. चोपडीची दोन्ही पानं उघडी ठेवूनच बाईचा इतिहास लिहावा, असं मला वाटतं. पुरुषांचा तसाच तर लिहितो आपण. आणि उद्या आपल्या घरातल्या लेकीसुनेला कोणी किल्ल्या देऊ केल्या, तर तिला एवढंच सांगावं : बाई गं, घे जरूर, पण आधी तिजोरी उघडून बघ, आणि उताऱ्यावर नाव लावून घे.