फ्रान्सची क्रांती आणि मलकापूरची छावणी

श्रोतेहो, मलकापूर कुठे आणि पॅरिस कुठे! पण एक काळ असा आला की तिकडच्या भांडणाची झळ आपल्या बुलढाणा मुलखाला लागली.

१७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. १७९३ साली तिथल्या राजाचा शिरच्छेद झाला, आणि इंग्लंड-फ्रान्स युद्ध जुंपले. त्या दिवसांत आपल्याकडचे राजेही कवायती पलटणींसाठी गोरे सेनानी पदरी ठेवीत. निजामाकडे रेमंड नावाचा फ्रेंच होता, तर शिंद्यांकडे पेराँ. इंग्रजांनी यातच आपला डाव साधला. फ्रेंचांची भीती पुढे करून १७९८ साली त्यांनी निजामाशी तह केला आणि त्याच्या फ्रेंच पलटणी मोडून टाकल्या. रेमंड तर त्याआधीच वारला होता!

पुढे वसईच्या तहाने पेशवाही इंग्रजांच्या मुठीत गेली. तेव्हा १८०३ च्या उन्हाळ्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा मलकापूरच्या परिसरात एकत्र आल्या. पण युद्ध पेटताच पेराँ इंग्रजांच्याच आश्रयाला गेला. असईच्या रणात शिंद्यांच्या पलटणींचा मुख्य पोलमन होता. तो फ्रेंच नव्हे, हानोव्हरचा जर्मन. आणि हानोव्हरचा धनी कोण? खुद्द इंग्लंडचा राजा! मग फ्रेंचांचा बागुलबुवा कितपत खरा, हे आपणच ठरवावे.

असई, अडगाव, गाविलगड अशी एकामागून एक हार झाली. १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला. इंग्रजांशी लढणाऱ्या राष्ट्राचा माणूस नोकरीत ठेवायचा नाही, असे भोसल्यांना कबूल करावे लागले. वर्धा नदीच्या पश्चिमेचा त्यांचा वऱ्हाडातील हक्क गेला आणि तो पुढे निजामाला मिळाला.

आणि रयतेचे काय? ज्या वाटेने फौजा गेल्या त्या वाटेवर ना कडबा उरला, ना दाणा. त्यात दुष्काळ पडला. १८०४ च्या आरंभी इंग्रज सेनापती वेलस्ली जिजामातेच्या माहेरी, सिंदखेडला, उतरला. माणसे उपाशी मरताहेत, त्यांना आधार द्यायला सरकारच नाही, असे त्यानेच लिहून ठेवले आहे.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात नकाशा उघडून पॅरिस, हैदराबाद, मलकापूर, सिंदखेड ही ठिकाणे मुलांना दाखवावीत. तहावर सह्या करणाऱ्यांची नावे पुस्तकात सापडतील. सिंदखेडच्या वाटेवर उपाशी मेलेल्यांची सापडणार नाहीत. तरी धडा शिकवताना त्यांचीही आठवण ठेवावी.